छत्रीबाई आणि रागीट बेडूक

मी काय काम करते हे नातेवाइकांना समजावून सांगणं मी आता सोडून दिलंय. मारामारीच्या व्हिडिओ गेममधली पात्रं तुल्यबळ ठेवते, असं म्हटलं की समोरचा "अच्छा, म्हणजे कंप्युटर" म्हणतो आणि हवापाण्याकडे वळतो. एका काकांनी तर विचारलं होतं, "मग यातून पुढे काही नोकरीबिकरी लागेल का?" मी चिडले. मी पटकन चिडते हे आधीच सांगून ठेवते, कारण ही सगळी भानगड त्यातूनच झाली.

आमच्या गेमचं नाव 'भाऊगर्दी'. कुठून कुठून गोळा केलेली पात्रं त्यात एका आखाड्यात येऊन भांडतात. एका खेळण्यांच्या कारखान्याचा पत्र्याचा रोबो आहे, एका चित्रकथेतला टोपीवाला गुप्तहेर बेडूक आहे, एका अंतराळ मालिकेतली राणी आहे. प्रत्येकाचे मालक वेगळे आणि प्रत्येकाचा मानपान वेगळा. रोबोचा हात निखळलेला चालणार नाही, राणीचा मुकुट पडलेला चालणार नाही, बेडकाने टोपी काढलेली चालणार नाही. एवढे रुसवेफुगवे सांभाळून त्यांना एकमेकांच्या नाकावर गुद्दे मारायला लावायचे, हा आमचा धंदा.

प्रत्येक पात्राकडे बरेच डाव असतात. खेळणाऱ्याने त्यातले चार निवडून आपापलं पात्र सजवायचं. कुणाचा रोबो नुसता लाथा मारतो, कुणाचा लांबून हात फेकतो. आता यात एखादं पात्र फार जड झालं की सगळे तेच घेतात आणि बाकीचे धूळ खात पडतात. म्हणून आम्ही सतत कुणाची ताकद कमी कर, कुणाचा वेग वाढव, असं करत बसतो. वेग मोजायचं आमचं माप म्हणजे फ्रेम. सेकंदाचे साठ तुकडे केले की त्यातला एक तुकडा. सामान्य माणसाची पापणी लवेपर्यंत आमच्याकडे दोन भांडणं होऊन गेलेली असतात.

ही काटछाट दर बुधवारी होते. त्या दिवसाला आम्ही कात्रीवार म्हणतो. आणि त्याचा एक कडक रिवाज आहे. ज्या पात्रावर कात्री चालणार, ते ज्याचं लाडकं असेल किंवा ज्याच्या घरातलं कुणी ते खेळत असेल, त्याने उठून सांगायचं आणि बाहेर जाऊन बसायचं. बाहेर पाण्याच्या मशीनशेजारी एक खुर्ची आहे, तिला आम्ही माहेरची खुर्ची म्हणतो. लांबूने, म्हणजे आमच्या डाव रचणाऱ्या उंच माणसाने, एकदा रोबोचा हात गुपचूप वीतभर लांब करून ठेवला होता, तेव्हापासून हा रिवाज पडला. खोलीत बसून मायेने गळा काढणाऱ्या माणसासमोर कुणाची कात्री चालणार?

माझा लाडका बेडूक. हिरवागार, तिरकी टोपी, आणि एक झेपावणारी उडी, जी डोक्यावर बसली की समोरच्याचा निम्मा जीव जातो. त्याच्यासाठी मी त्या खुर्चीवर बरेच बुधवार काढलेत.

आणि मग छत्रीबाई आली.

छत्रीबाई ही एका जुन्या, लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातली बाहुली. छत्री घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहायची आणि मुलांना पलीकडे न्यायची. तिच्या मालकांनी परवानगी दिली, पण एक अट घातली. छत्रीबाई आपण होऊन कुणावर हात उगारणार नाही. आम्ही कपाळाला हात लावला. मारामारीचा गेम, आणि बाई मारणार नाही म्हणते! शेवटी लांबूनेच वाट काढली. समोरच्याने वार केला की छत्रीबाईने नेमक्या वेळी छत्री उघडायची, म्हणजे त्याचा वार त्याच्यावरच उलटतो. तिने मारलं असं होत नाही, त्याचं त्याला परत मिळालं इतकंच. मालक खूश झाले.

आता ही नेमकी वेळ साधणं अवघड, म्हणून आम्ही ती चांगली ऐसपैस ठेवली. वार येण्याच्या बऱ्याच आधी बटण दाबलं तरी छत्री लागू पडायची. एवढी सवलत दिल्याशिवाय तिला घेणार कोण? आणि सवलत देऊनही कुणी घेतलं नाही. ती चालते हळू, उडी मारत नाही, समोरचा गप्प उभा राहिला तर तिच्याकडे करण्यासारखं काहीच नाही. वर उगाच छत्री उघडली तर मिटायला हा वेळ! आमच्या ऑफिसात तिला घेऊन एक डाव पुरा खेळण्याइतका धीर एकातही नव्हता.

गेम बाजारात जाण्याआधी आम्ही तो आपापल्या घरी चाचणीसाठी दिला. घरच्यांनी टोपणनावाने खेळायचं, आम्ही दुपारी ऑफिसातून खेळायचं, कोण कुणाशी भिडतंय ते कुणालाच कळायचं नाही. पहिल्या आठवड्याचे आकडे आले आणि आमच्या तराजूताईंनी चष्मा पुसून परत लावला. तराजूताई म्हणजे आमच्या प्रमुख, तोल बिघडला की त्यांना रात्री झोप लागत नाही. सगळ्यांत जास्त जिंकणारं पात्र होतं छत्रीबाई.

"हे काय आक्रीत!" ताई म्हणाल्या.

इथे आम्ही जो गाढवपणा केला तो फक्त आमच्याच धंद्यातली माणसं करू शकतात. छत्रीबाई किती वेळा जिंकली ते आम्ही पाहिलं, पण तिला घेऊन किती जण खेळतात ते कुणी पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर कळलं असतं, की त्या सगळ्या विजयांमागे जवळपास एकच माणूस होता. टोपणनाव 'निवांत'.

या निवांतने माझं जगणं हराम केलं होतं. दुपारी मी बेडूक घेऊन बसायची, आणि हटकून हा समोर. मी एक टप्पल मारायची, तो मागे सरकायचा. मी दुसरी मारायची, तो छत्री उघडायचा आणि माझी टप्पल मलाच. मग माझं डोकं सणकायचं, मी ती झेपावणारी उडी घ्यायची, आणि हवेत असतानाच खाली छत्री उघडलेली दिसायची. दर वेळी! खेळ संपला की तो छत्रीबाईला वाकून नमस्कार करायला लावायचा, म्हणजे जखमेवर मीठ. लांबू शेजारून म्हणायचा, "पाणी देऊ का?" आणि मी म्हणायची, "तोंड बंद ठेव." असलं पात्र सोडायचं कशाला? एका बुधवारी मी तिची चाल अजून हळू करवली. तरी निवांत जिंकला. पुढच्या बुधवारी तिचा उलटणारा वार निम्मा करवला. तरी जिंकला, फक्त वेळ जास्त लावला, म्हणजे माझा छळ लांबला.

शेवटी मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत प्रस्ताव लिहिला: छत्री उघडण्याची सवलतीची वेळ निम्म्यावर आणावी. लांबू म्हणाला, "मग तिला घेऊन फक्त पाखराच्या चपळाईची माणसं खेळतील." मी म्हटलं, "खेळू देत पाखरांना." येत्या बुधवारी त्यावर निर्णय होता, आणि तो शेवटचा कात्रीवार होता. त्यानंतर गेमला कुलूप. मग कुणी काही म्हणो, एक फ्रेम इकडची तिकडे होणार नव्हती.

आता घरचं सांगते. घरी मी, माझा नवरा आणि सासूबाई. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, त्यामुळे बारीक बघणं त्याच्या अंगात आहे आणि बारीक बोलणंही. सासूबाई स्टुलावर चढून पंखा पुसताना पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण बोटं आखडून बसली. व्यायामवाल्या डॉक्टरीणबाईंनी एक मऊ चेंडू दिला, दिवसभर दाबत राहा म्हणाल्या. सासूबाईंनी तो चेंडू सोफ्याखाली ढकलून दिला. "मी काय मांजर आहे का, चेंडूशी खेळायला?" म्हणाल्या. मग नवऱ्याने त्यांच्या हातात माझ्या चाचणीच्या गेमचा रिमोट दिला. त्या दुपारी थोडं खेळतात एवढं मला ठाऊक होतं. मला वाटायचं, शिकवणीच्या पहिल्या पायरीवर पत्र्याच्या बाहुल्याला ढोसत असतील. विचारायला मला सवड कुठे होती? मी निवांतवर जळफळण्यात गर्क होते.

त्या रविवारी आम्ही तिघं जेवत होतो. सासूबाई डाव्या हाताने जेवता जेवता एकदम म्हणाल्या, "अगं, तुमच्या त्या गेममध्ये एक हिरवा बेडूक आहे ना, टोपीवाला?"

"आहे की," मी म्हटलं. "त्याचं काय?"

"त्याला घरी काही त्रास आहे का?"

"कुणाला, बेडकाला?" मी विचारलं.

"नाही म्हणजे," त्या अगदी कळवळून म्हणाल्या, "खेळतो चांगला बिचारा. पण एक टोला बसला की असा भडकतो! भडकला की उडी मारतो. उडी मारली की माझ्या छत्रीतच येऊन पडतो. रोज. मला तर आता त्याची दया येते. मी खेळ संपला की वाकून नमस्कार करते, म्हटलं तेवढंच त्याला बरं वाटेल."

नवऱ्याला पाण्याचा ठसका लागला. तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि तिथे बराच वेळ खोकत राहिला. तो खोकला खोकल्यासारखा अजिबात वाटत नव्हता.

"तुम्ही... छत्रीबाई घेता, आई?" मी विचारलं.

"दुसरं कुणी झेपत नाही गं मला. त्या राणीला केवढी बटणं दाबावी लागतात धडाधड! ही बरी. बघत बसायचं, समोरचा हलला की एक बटण." मग त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि पहिलं बोट वाकवून दाखवलं. ते बोट निघालं, वाटेत थोडं अडखळलं आणि पोचलं. "बघ, पोचतं की नाही? आधी वाकत पण नव्हतं. परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काय जादू केलीत? मी म्हटलं, छत्री उघडते." त्या हसल्या. मग चेहरा जरा उतरला. "पण तुमच्याकडे कुणीतरी खाष्ट माणूस बसलाय. दर आठवड्याला बाईचं काहीतरी काढून घेतो. चाल घेतली, मार घेतला. चालेल, मी करते अॅडजस्ट. फक्त आता छत्रीच्या वेळेला हात लावू नका म्हणावं त्याला. तिथे जर घाई आली ना, तर हे बोट नाही पोचायचं. मग मला कुणीच उरणार नाही खेळायला. परत तो चेंडू."

मी उठून ताटं गोळा करायला घेतली.

भांडी विसळताना मी नवऱ्याला गाठलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुमच्या दोघींच्या मध्ये पडायचं नाही, एवढी अक्कल मला लग्न झाल्यावर आठवडाभरातच आली," तो म्हणाला. आणि मग, ताट पुसता पुसता, "तशी ती रोज दुपारी दोन वाजल्यापासून केस विंचरून तयार होऊन बसते. बेडूक येणार म्हणून."

हे ऐकल्यावर मला चिडायचं होतं, पण चिडता येईना. फळ्यावरचा माझ्याच अक्षरातला तो प्रस्ताव डोळ्यांसमोर आला. तो खाष्ट माणूस मीच होते. गुपचूप ऑफिसात लवकर जाऊन पुसून टाकावा असं मनात आलं, खोटं कशाला बोलू? पण लांबूच्या त्या वीतभर हातावरून सगळ्यांत जास्त आरडाओरडा मीच केला होता. कोणत्या तोंडाने पुसणार?

बुधवारी सगळे जमले. तराजूताईंनी फळ्याकडे पाहून विचारलं, "छत्रीबाईचं माहेर कुणी आहे का इथे?" हा प्रश्न त्या रिवाज म्हणून विचारतात. छत्रीबाईच्या बाबतीत कधी कुणी उठलं नव्हतं.

मी उठले. "निवांत माझी सासू आहे," मी म्हटलं.

खोलीत जो हशा उठला, तो मी आयुष्यभर विसरणार नाही. लांबू तर खुर्चीवरून घसरलाच. "म्हणजे इतके दिवस तू रोज दुपारी सासूचा मार खात होतीस?"

"आणि सासूचे पंख छाटत होतीस!" कुणीतरी पुरवणी जोडली.

"हसा, हसा," मी म्हटलं. "पण मी प्रस्ताव मागे घेतेय तो ती माझी सासू आहे म्हणून नाही. तो चुकीचा आहे म्हणून. छत्रीबाई जड नाहीये. आपण तिला घेऊन कधी खेळलोय का? खेळून बघा आणि मग कापा."

"माहेरच्या माणसाने वकिली करायची नाही," तराजूताईंनी दरवाज्याकडे बोट दाखवलं. "बाहेर."

मी जाऊन त्या खुर्चीवर बसले. आतून आधी हसण्याचे आवाज आले, मग बटणांचे, मग शिव्यांचे. लांबूचा आवाज चढला, "ही मिटत का नाही!" राणी घेऊन बसलेलं कुणीतरी खिंकाळलं. बऱ्याच वेळाने ताई दार उघडून बाहेर आल्या. त्यांचे केस विस्कटले होते, म्हणजे त्याही खेळल्या होत्या.

"आम्ही सगळे हरलो तिला घेऊन," त्या म्हणाल्या. "पण त्याने एवढंच ठरतं की आम्हाला ती जमत नाही. जमणाऱ्याच्या हातात ती जड असेल तर बाजारात अशी शंभर माणसं निघतील. मला एक शेवटची खात्री हवी, कुलूप एक दिवस पुढे ढकलते. उद्या तुझ्या सासूबाईंना आण. त्या दुसरं पात्र घेऊन खेळतील आणि छत्रीबाई तू घेशील. त्या जिंकल्या तर जोर माणसात आहे, छत्री जशीच्या तशी राहील. तू जिंकलीस किंवा बरोबरी झाली, तर छत्रीची वेळ निम्मी."

"पण ताई, त्यांना दुसरं पात्र..." मी बोलायला लागले आणि थांबले. हाताचं सांगितलं की ताई विरघळणार. आणि सासूबाईंना दुसऱ्याने विरघळलेलं खपत नाही.

घरी मी सगळं सांगितलं, फक्त बेडूक कोण ते सोडून. ऑफिसात त्यांना माझ्याशी खेळायचंय, दुसरं पात्र घेऊन खेळायचंय, आणि हरल्या तर छत्रीची वेळ जाणार, हे सांगितलं. त्यांनी उजव्या हाताची मूठ एकदा वळून पाहिली.

"मी ताईंना हाताचं सांगू का?" मी विचारलं.

"हाताचं नाव काढलंस तर बघ!" त्या कडाडल्या. "मी काय सहानुभूतीवर जिंकणार? आणि तू पण मुद्दाम हरायचं नाहीस. मला लगेच कळतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ऑफिसात आल्या. ठेवणीतली पर्स, नीट विंचरलेले केस. सगळे उठून उभे राहिले. लांबूने स्वतःची गादीवाली खुर्ची दिली. त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "रोबो तूच ना? हात फार पुढे काढतोस बाळा." लांबू लाजला.

"कोण घेताय, आजी?" ताईंनी विचारलं.

सासूबाईंनी पडद्यावरच्या पात्रांवरून नजर फिरवली. राणी, रोबो, सगळे सोडून त्या थांबल्या ते बेडकावर. "हा," त्या म्हणाल्या. "याला मी फार दिवस बघतेय."

बेडूक म्हणजे नुसती धावपळ. त्याची उडी जमायला मला महिने लागले, त्यांच्या बोटाला ती या जन्मी साधणार नव्हती. मुद्दाम हरावं का, हा विचार डोक्यात आला. पण तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं आणि तो विचार आल्या पावली परत गेला.

खेळ सुरू झाला. मी छत्रीबाईला तयारीत उभं केलं आणि बेडूक उडी मारण्याची वाट पाहू लागले. बेडकाने उडी मारली नाही. तो समोर उभा होता, टोपी तिरकी, श्वास घेत. मी थांबले. तोही थांबला. वर घड्याळातले सेकंद सरकत होते आणि आखाड्यात दोन पात्रं एकमेकांकडे बघत उभी होती, बसथांब्यावर दोन अनोळखी माणसं उभी असतात तशी. छत्रीबाई आपण होऊन मारू शकत नाही, मालकांची अट. आणि बेडूक मारत नाही.

"अडकलं का काय?" मागून कुणीतरी कुजबुजलं.

"नाही," लांबू हळूच म्हणाला. "आजी थांबल्यात."

मला एवढंच करायचं होतं, की काही करायचं नव्हतं. गप्प उभी राहिले असते तर बरोबरी झाली असती. मग छत्री कापली गेली असती, ते वेगळं, पण त्या वेळी मला छत्रीबित्री काही आठवत नव्हतं. हा माझा बेडूक होता, आणि तो माझ्यासमोर ढिम्म उभा होता! मी त्याला असा कधी उभा केला नव्हता. मी शेजारी पाहिलं. सासूबाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या.

माझं डोकं सणकलं. आता हलणार, नक्की हलणार, असं वाटून मी छत्री उघडली.

बेडूक हललाच नव्हता. छत्री भपकन उघडली आणि तिच्या त्या रटाळ गतीने मिटायला लागली. मिटताना छत्रीबाई उघडी पडते हे मला माहीत होतं, ते आम्हीच ठेवलं होतं. सासूबाईंचं बोट निघालं. वाटेत अडखळलं. मी ते अडखळताना डोळ्यांनी पाहिलं, छत्री अजून मिटतच होती, आणि बोट पोचलं. बेडकाने दोन पावलं पुढे येऊन छत्रीबाईच्या गालावर एक साधी टप्पल मारली आणि तो मागे जाऊन परत उभा राहिला.

उरलेला वेळ मी काय काय केलं ते विचारू नका. छत्री उघडली, मिटली, पुढे गेले, मागे आले. बेडूक माझ्यापासून नेमका एका हाताच्या अंतरावर राहिला. वेळ संपली. एका टपलीच्या फरकाने मी हरले. सासूबाईंनी बेडकाला वाकून नमस्कार करायला लावला.

ऑफिस दणाणून गेलं. तराजूताईंनी ओल्या फडक्याने फळ्यावरचा माझा प्रस्ताव पुसला, कोपऱ्यातलं अक्षरही शिल्लक ठेवलं नाही. "छत्री आहे तशी," त्या म्हणाल्या. "आणि आजी, पुढच्या गेमसाठी तुम्ही दर बुधवारी याल का?" सासूबाई म्हणाल्या, बुधवारी नको, दुपारची त्यांची वेळ ठरलेली असते.

आम्ही दोघी बसथांब्यावर आलो. वारा सुटला होता. सासूबाईंनी पर्स माझ्याकडे दिली आणि स्वेटरची बटणं लावायला घेतली, उजव्या हाताने. पहिलं बटण काजात जाईना. मी सवयीने पुढे झाले, "द्या, मी लावते."

"झालीस का पुढे," त्या म्हणाल्या. "बेडूकच आहेस."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. टोला बसल्यावर असं उसळणारं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू मला जिंकू दिलं असतंस. हाताकडे बघून." पहिलं बटण लागलं. त्या दुसऱ्याकडे वळल्या. "सगळे हल्ली मला जिंकूच देतात गं. डॉक्टरीण देते, मुलगा देतो. तो बेडूक एकटा माझ्याशी खरं भांडायचा."

बस येतेय का ते बघायला म्हणून मी रस्त्याकडे वळले.

"आणि घरीही तू अशीच उडी मारतेस," त्या बटणाकडे बघतच म्हणाल्या. "रोज मारतेस. तिथे मी कधी छत्री उघडलीय?"

नव्हती उघडली. इतक्या वर्षांत एकदाही नाही. तेवढ्यात आमची बस आली. कंडक्टरने आमच्याकडे पाहिलं, मी त्याला मानेनेच नाही म्हटलं. बस गेली. सासूबाईंची अजून दोन बटणं लावायची राहिली होती.